‘हे कुणाला सांगू नकोस’: क्षेत्रकार्यातलं एक प्रकरण

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात वर्गातल्या तासांइतकंच वजन क्षेत्रकार्याला असतं. प्रशिक्षणार्थी एखाद्या संस्थेत जातात, खऱ्या कुटुंबांबरोबर काम करतात, प्रत्येक भेटीची नोंद लिहितात आणि ती नोंद घेऊन पर्यवेक्षकांसमोर बसतात. अशा एका कामाची ही हकीकत आहे. मी या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचं समन्वयन करते. प्रत्यक्ष पर्यवेक्षण माझ्या एका सहकारी मॅडमकडे होतं. आजी, नातू आणि प्रशिक्षणार्थी या तिघांच्या संमतीने हे लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

प्रशिक्षणार्थी दुसऱ्या वर्षाला होती. एका कुटुंब सहाय्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जायची. केंद्राकडे शाळेची चिठ्ठी आली: ‘विद्यार्थी सतत गैरहजर. पालकांचा प्रतिसाद नाही. समुपदेशन करावे.’ मुलगा अकरा वर्षांचा. आई वारलेली, वडील कामानिमित्त दूर, अधूनमधून पैसे पाठवणारे. घरात सत्तरी ओलांडलेली आजी आणि तो, एवढीच दोघं.

चिठ्ठीत एक गोष्ट नव्हती, ती हजेरीपटात होती. मुलगा सकाळी यायचा आणि मधल्या सुट्टीनंतर गायब व्हायचा. पूर्ण दिवसाच्या गैरहजेऱ्या त्या मानाने कमी होत्या. अर्ध्या दिवसाची खूण वर्गशिक्षकांनी नेमाने केली होती, पण चिठ्ठी लिहिताना तिचं ‘सतत गैरहजर’ झालं. पट प्रशिक्षणार्थीने पुढे बऱ्याच दिवसांनी मागून घेतला. पहिल्या भेटीला जाताना तिच्या हातात चिठ्ठी तेवढी होती.

पहिली भेट आणि तिची नोंद

आमच्याकडे भेटीतला संवाद आठवेल तसा शब्दशः लिहायला लावतात. प्रशिक्षणार्थींना हा प्रकार फार कंटाळवाणा वाटतो. पण या प्रकरणात सगळं त्या नोंदीमुळेच उलगडलं, म्हणून तिच्यातला थोडा भाग देते.

प्रशिक्षणार्थी: आजी, हा शाळेत का जात नाही?
आजी: जातो की.
प्रशिक्षणार्थी: शाळेतून पत्रं आली होती ना तुम्हाला?
आजी: आली असतील.
प्रशिक्षणार्थी: मग तुम्ही भेटायला का गेला नाहीत?
आजी: नाही जमलं.

नोंदीच्या शेवटी निष्कर्ष होता: ‘आजींना नातवाच्या शिक्षणात रस दिसत नाही. जाणीवजागृतीची गरज.’ त्याच्या वर, घराच्या वर्णनात, एक ओळ होती: ‘पाणी देताना आजींनी पेल्याच्या आत बोट धरले होते. स्वच्छतेच्या सवयींबद्दल बोलावे लागेल.’

पर्यवेक्षक मॅडम त्या ओळीपाशी थांबल्या. निष्कर्ष चूक की बरोबर, यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “बोट नेमकं कुठे होतं? आणि पाणी ओतताना आजी कुठे बघत होत्या?” प्रशिक्षणार्थीला आठवलं की बोट काठाच्या जरा खाली होतं, पाणी बोटाला लागल्यावर आजी थांबल्या होत्या आणि त्यांची नजर पेल्याकडे नव्हतीच. मग शाळेची पत्रंही आठवली. फळीवर न फोडलेली, एकावर एक ठेवलेली.

ज्याला दिसत नाही असं माणूस पेला किती भरला हे असंच बोटाने पाहतं.

मला इथे प्रशिक्षणार्थीचा दोष दाखवायचा नाही. तिने पाहिलं होतं आणि प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. पाहिलेल्या गोष्टीला अर्थ लावण्याची घाई मात्र झाली आणि तो अर्थ चिठ्ठीने आधीच ठरवून दिला होता. ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ हे वाचून घरात शिरलं की दिसणारी प्रत्येक गोष्ट त्याच रकान्यात जाऊन बसते. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहायचे, हा नियम आपण परीक्षेपुरता शिकवतो. तो किती मोलाचा आहे हे अशा वेळी कळतं.

डब्यातल्या सुया

पुढच्या भेटीत तिने शाळेचा विषय काढलाच नाही. “आजी, दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?” असं विचारलं. आजी डोळ्यांबद्दल बोलल्या, पण अर्धवट. त्यांना धीर यावा म्हणून प्रशिक्षणार्थी म्हणाली, “तुम्ही सांगाल ते आपल्यातच राहील.” हे वाक्य नीट लक्षात ठेवायला हवं.

तिसऱ्या भेटीत आजींनी पत्र्याचा डबा पुढे केला. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता आणि इन्सुलिन चालू होतं. सुईवरच्या रेघा दिसेनाशा झाल्यापासून इन्सुलिन भरायचं काम नातवाकडे आलं होतं. तो ते मोठ्या जबाबदारीने करायचा. ‘दहाच्या रेघेपर्यंत’ असं त्याला सांगितलं होतं, तो दहाच्या रेघेपर्यंतच भरायचा. ग्लुकोमीटरवरचा आकडा वाचून तो वेळेसकट एका वहीत लिहायचा.

डब्यात दोन प्रकारच्या सिरिंज होत्या, काही लाल टोपणाच्या, काही केशरी. प्रशिक्षणार्थीला त्यातला फरक माहीत नव्हता. पण टोपणं वेगळी आणि रेघांमधलं अंतरही वेगळं, हे तिने पाहिलं. शाळेतून मध्येच का येतोस, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, “आजी दुपारी कधी कधी घामाघूम होते. हात थरथरतात. मला ओळखत नाही. मग मी साखरेचं पाणी पाजतो. मी नसलो तर कोण पाजणार?”

आजींनी तिचा हात धरला. “पोरी, हे कुणाला सांगू नकोस. कळलं तर याला माझ्याजवळून नेतील.”

धोका किती मोठा होता ते सांगते. इन्सुलिन काही ठिकाणी दोन तीव्रतांमध्ये मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. प्रत्येकाची सिरिंज वेगळी, कारण रेघा त्या त्या तीव्रतेच्या हिशोबाने आखलेल्या असतात. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात १० ऐवजी २५ युनिट जातात, म्हणजे अडीचपट. साखर एकदम उतरते. घाम, थरथर, भ्रम, पुढे बेशुद्धी, आणि प्रसंगी जिवावर बेततं. या घरात बाटली १०० ची होती आणि ४० च्या जुन्या सिरिंज शिल्लक होत्या. हाताला येईल ती मुलगा घ्यायचा. सांगितलं होतं तेच तो करत होता, रेघ चुकवत नव्हता. इन्सुलिन भरतं कोण, हा प्रश्न आजवर त्या घराला कुणी विचारलेला नव्हता.

समोरचे पर्याय

हे सगळं प्रशिक्षणार्थीला तेव्हा कळलेलं नव्हतं. तिच्यासमोर दोन वेगळ्या सिरिंज होत्या, घाबरलेली आजी होती आणि स्वतः दिलेला शब्द होता. पुढे पर्यवेक्षणात आम्ही तिच्यापुढचे रस्ते एकेक करून तपासले.

एक, शब्द पाळायचा. आत्ता गप्प राहायचं, विश्वास घट्ट होऊ द्यायचा, मग आजींना हळूहळू दवाखान्यासाठी तयार करायचं. नवख्या कार्यकर्त्याला हा रस्ता सगळ्यात माणुसकीचा वाटतो. पण पुढचा डोस त्याच संध्याकाळी होता.

दुसरा रस्ता म्हणजे काही न बोलता निघायचं आणि केंद्रात जाऊन बालसंरक्षणाच्या जबाबदार अधिकाऱ्यांना कळवायचं. नियमाला धरून, आणि कार्यकर्त्यासाठी सुरक्षित. पण आजींच्या दृष्टीने तो विश्वासघातच. त्यानंतर त्या घराचं दार कुणासाठीही उघडलं नसतं.

तिसरा तिच्या मनात डोकावून गेला होता आणि तिने तो मोकळेपणाने सांगितला: फोनवर शोधून योग्य सिरिंज कोणती ते स्वतःच ठरवायचं आणि दुसऱ्या फेकून द्यायच्या. हा रस्ता तिने सोडला, हे तिच्या प्रशिक्षणाचं यश आहे. औषधाच्या मात्रेबद्दल बोलायचा अधिकार तिचा नव्हता. बाटली कितीची आहे ते चुकून उलटं वाचलं गेलं असतं, तर योग्य सिरिंजच फेकल्या गेल्या असत्या आणि धोका वाढला असता.

उरला चौथा: आजींच्या समोर, आजींना सांगून, पण त्याच दिवशी कळवायचं.

समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्याची, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबर करायच्या कामाची, सात तत्त्वं आमच्याकडे पहिल्याच सत्रात शिकवली जातात. त्यांत गोपनीयता आहे आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अशिलाचा, म्हणजे मदत घेणाऱ्या माणसाचा, हक्कही आहे. प्रशिक्षणार्थीला दोन्ही तोंडपाठ होती. पण दोन्हींना मर्यादा आहेत, आणि जिवाला किंवा मुलाला गंभीर धोका दिसला की गोपनीयता अबाधित राहत नाही, हे तिला उत्तरपत्रिकेत लिहिता येत होतं, आजींसमोर बसून सांगता येत नव्हतं. पाठांतर आणि प्रत्यक्ष यांतली ही दरी भूमिकानाट्याने भरून निघते. समोर सहाध्यायीला बसवून ‘मी सगळंच गुप्त ठेवू शकणार नाही’ हे वाक्य आपल्या तोंडाने, आपल्या शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिल्याशिवाय ते वेळेला जिभेवर येत नाही.

त्या दिवशी काय केलं

ती बाहेर आली, पर्यवेक्षक मॅडमना फोन केला, आणि परत आत गेली. तिचं बोलणं तिच्याच नोंदीतून:

“आजी, मागच्या वेळी मी म्हणाले होते की सगळं आपल्यातच राहील. ते मी अर्धवट सांगितलं. जिवाला धोका असेल तर मला केंद्रात आणि दवाखान्यात सांगावंच लागतं. आज सांगणार आहे. पण तुमच्या पाठीमागे नाही सांगणार. काय सांगायचं, कसं सांगायचं ते आपण इथे बसून ठरवू.”

“मग आलीस कशाला?” आजी म्हणाल्या. नंतर बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, “याला नेतील का?”

‘नाही’ म्हणणं अगदी सोपं होतं. ती म्हणाली, “मला तसं वाटत नाही. पण तो निर्णय माझा नाही. त्याला तुमच्याजवळ राहता यावं म्हणून काय मदत लागेल ते मांडायला मी तुमच्याबरोबर असेन.”

पहिल्या खोट्या आश्वासनातून ती अडचणीत आली होती. दुसरं खोटं आश्वासन देण्याचा मोह तिने टाळला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण हाच, आणि तो तिने निभावला.

संध्याकाळच्या डोसाआधी दवाखान्यातल्या नर्स घरी आल्या. बाटली तपासली, ४० च्या सगळ्या सिरिंज काढून घेतल्या, डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाची मात्रा ठरवली. मुलाच्या सुरक्षिततेची बाब केंद्राच्या जबाबदार अधिकाऱ्यांना लेखी कळवली गेली. त्यांनी घरी येऊन दोघांशी वेगवेगळं बोलून ठरवलं की मूल घरातच राहील, मदत वाढवायची आणि ठरावीक मुदतीने आढावा घ्यायचा.

मुलाची वही नर्सना दिसली आणि त्यांनी ती डॉक्टरांकडे नेली. साखर नेमकी केव्हा उतरते हे त्या वाकड्या अक्षरांतल्या आकड्यांवरून स्पष्ट दिसत होतं. मात्रेची वेळ बदलायला ती वही उपयोगी पडली.

दुसरा पेच: सगळ्या रेघा एकीकडे

इथे धोका टळला, पण प्रकरण संपलं नाही. आजींनी प्रशिक्षणार्थीचा नंबर मागितला आणि तिने तो दिला. पुढच्या काही आठवड्यांत औषधं आणणं, शाळेत जाऊन बोलणं, नेत्रतपासणीची वेळ घेणं हे सगळं तिच्याकडे आलं. क्षेत्रकार्याच्या दिवसांव्यतिरिक्तही ती जाऊ लागली. रात्री फोन यायचे. इतर कुटुंबांच्या नोंदी मागे पडल्या. नोंदींत ‘मी केले’, ‘मी आणले’, ‘मी बोलले’ अशी वाक्यं वाढत गेली.

पर्यवेक्षणाची तीन कामं समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी सांगितली आहेत: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. खासगी नंबर देऊ नये हा केंद्राचा नियम होता, आणि मॅडमनी तो तेवढाच ऐकवला असता तर प्रशासकीय काम पार पडलं असतं. त्यांनी तिला इकोमॅप काढायला सांगितला. समाजकार्याच्या अभ्यासक ॲन हार्टमन यांनी १९७५ मध्ये विकसित केलेली ही आकृती. मधल्या वर्तुळात कुटुंब, भोवती शाळा, दवाखाना, शेजार, नातेवाईक, संस्था. नातं घट्ट तर जाड रेघ, ताणलेलं तर नागमोडी, नसेल तर काहीच नाही.

तिने काढलेल्या आकृतीत कुटुंबाच्या वर्तुळातून एकच जाड रेघ निघाली होती, ती तिच्याकडे. शाळा, दवाखाना, केंद्र यांच्या रेघा तिच्या वर्तुळाला जोडलेल्या होत्या, घराला नाही. शेजारचं वर्तुळ रिकामंच.

“तुझं क्षेत्रकार्य केव्हा संपतं?” मॅडमनी विचारलं. दहा आठवडे उरले होते.

त्या दिवशी ती रडली, असं तिने स्वतः लिहिलं आहे. तिलाही आजीनेच वाढवलं होतं. ते ती पहिल्यांदा पर्यवेक्षणात बोलली. अशा गोष्टीची लाज वाटायचं कारण नाही, पण ती पर्यवेक्षकांना माहीत असायला हवी. आपल्या घरातली ओढ दुसऱ्याच्या घरात काम करू लागली की किती केलं म्हणजे पुरे, याचा अंदाज सुटतो.

मग प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहिला: हे आजी करू शकतील का, नाहीतर जवळपासचं कोण करू शकेल? सकाळच्या डोसाला दवाखान्याच्या आरोग्यसेविका येतील असं ठरलं. संध्याकाळच्या डोसासाठी शेजारच्या काकूंना विचारायचं होतं. हे प्रशिक्षणार्थीने विचारायचं नाही असं ठरलं. आजींनीच विचारलं, ती नुसती शेजारी बसली. काकू म्हणाल्या, “इतके दिवस बोलला का नाहीत?” नर्सनी काकूंना शिकवलं, त्यांच्याकडून करून घेतलं आणि खात्री झाल्यावरच काम सोपवलं. खासगी नंबराच्या जागी केंद्राचा नंबर आला. मुलाने तो स्वतः लावून पाहिला.

मुलाचं काय?

मुलाच्या बाबतीत जे झालं त्याचा अंदाज आम्हा कुणालाच नव्हता. सुई हातातून गेल्यावर त्याला हायसं वाटेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो चिडला. काकू आल्या की घरातून निघून जायचा. नर्सनी वही मागितली तेव्हा त्याने ती लपवली. “मी चुकलो म्हणून काढून घेतलं ना?” असं त्याने प्रशिक्षणार्थीला विचारलं.

आजारी माणसाची देखभाल करणाऱ्या मुलांबाबत हे कायम ध्यानात ठेवायला हवं. ओझं उतरवताना आपण त्यांची घरातली जागाही काढून घेत असतो. इथे दोन गोष्टी केल्या. नर्सनी त्याला समोर बसवून दोन्ही सिरिंज दाखवल्या, अडीचपटीचं गणित त्याच्याकडूनच करून घेतलं आणि सांगितलं की रेघ त्याने एकदाही चुकवली नव्हती, सिरिंज वेगळी होती हे त्याला सांगायची जबाबदारी मोठ्यांची होती. आणि वही त्याच्याकडेच ठेवली. सुई मोठ्यांची, वही त्याची. शाळेतून आल्यावर लिहायची, महिन्याला दवाखान्यात स्वतः दाखवायची.

निष्पत्ती

आजींच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. चेहरे ओळखू येतात, मोठी अक्षरं लागतात. मधुमेहाने पडद्याला झालेली इजा मात्र तशीच आहे, सिरिंजवरच्या रेघा अजून दिसत नाहीत. क्षेत्रकार्य संपेपर्यंत दुपारच्या घामाचे प्रसंग पुन्हा झाले नव्हते. मुलगा दुपारनंतरही वर्गात थांबू लागला, पूर्णपणे नाही. आजींना बरं नसलं की तो अजूनही सुट्टीत घरी येऊन पाहून जातो. शाळेने त्याला तशी परवानगी दिली आहे, आणि मला तो तोडगा पटतो. वडील फोनवर बोलतात, त्यापलीकडे काही बदललं नाही.

समारोपाबद्दल घरी सहा आठवडे आधी सांगितलं. शेवटच्या भेटीला केंद्राच्या कायम कार्यकर्त्या बरोबर होत्या. अखेरच्या इकोमॅपमध्ये प्रशिक्षणार्थीची रेघ बारीक झाली होती आणि घरातून थेट बाहेर जाणाऱ्या चार रेघा आल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, विश्वास बसायच्या आधी सांगायला हवी होती. पुष्कळांना वाटतं की त्याने माणसं बोलायची थांबतात. काही थांबतातही. पण सगळं सांगून झाल्यावर ‘मला हे कळवावं लागेल’ असं ऐकणाऱ्या माणसाला आपण निवड करायची संधीच दिलेली नसते. आजींच्या “मग आलीस कशाला?”चं खरं कारण तेच होतं.

मुलाशी स्वतंत्रपणे बोलायला तिसऱ्या भेटीची वाट का पाहावी लागली? चिठ्ठी त्याच्याबद्दल होती आणि पहिल्या दोन भेटींत त्याच्याबद्दल फक्त आजींना विचारलं गेलं.

शाळेच्या चिठ्ठीचा नमुना केंद्राने आता बदलून घेतला आहे. त्यात दिवसाच्या कोणत्या वेळी गैरहजेरी असते आणि घरी कुणी आजारी असल्यास देखभाल कोण करतं, हे दोन प्रश्न आले.

आणि अभ्यासक्रमाबद्दल. समारोप हा विषय आम्ही शेवटच्या सत्रात शिकवत होतो, म्हणजे प्रशिक्षणार्थी कुटुंबात पुरते गुंतून गेल्यावर. शिवाय मूल्यमापनाच्या तक्त्यात गृहभेटींच्या संख्येला गुण होते, काम दुसऱ्याकडे नीट सोपवण्याला नव्हते. जास्त जाणाऱ्याला जास्त गुण, मग ती जास्त गेली यात नवल काय? गुणांची विभागणी बदलली आहे. समारोपाचा पहिला तास आता क्षेत्रकार्य सुरू होण्याआधी होतो आणि नोंदवहीत ‘मी गेल्यावर हे कोण पाहील?’ असा रकाना आहे. पहिल्या आठवड्यांत तो रिकामा असला तर चालतं. तिसऱ्या महिन्यातही रिकामा दिसला, तर पर्यवेक्षक इकोमॅपचा कागद पुढे करतात.